वस्तऱ्याखालची मतं

ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही, एवढं एकच शहाणपण आमच्या न्हाव्याला बापाकडून मिळालं. बाकी मिळालं ते भाड्याचं दुकान, दोन खुर्च्या, त्यातली एक फिरवली की कण्हायची, आणि समोरासमोर लावलेले दोन आरसे. त्या आरशांत गिऱ्हाइकाला स्वतःची मान पाठीमागून दिसायची. बऱ्याच जणांना ती आवडायची नाही.

बापाचं म्हणणं सरळ होतं. माणूस चिडला की जबडा हलवतो. जबडा हलला की कातडं सरकतं. कातडं सरकलं की रक्त येतं, आणि रक्त आल्यावर वाद कुणी काढला हे कुणी विचारत नाही, वस्तरा कुणाच्या हातात होता तेवढं बघतात. म्हणून गिऱ्हाईक काहीही बरळलं तरी 'खरंय' म्हणायचं आणि हात चालू ठेवायचा. बाप मेला, पण 'खरंय' मागे ठेवून गेला. पोरानं ते इतकं वापरलं की गल्लीत त्याचं खरं नाव कुणाला आठवेना. 'खरंयकडे जाऊन येतो' म्हणजे दाढी करून येतो. त्याच्या बायकोला शेजारणी 'खरंयवहिनी' म्हणायच्या. तिला ते मुळीच आवडत नसे, कारण घरी तो तिच्या कुठल्याच बोलण्याला खरंय म्हणत नव्हता. दिवसभराचा साठा दुकानातच संपायचा.

आणि दुकानात काय कमी बोललं जायचं? फेस लावून खुर्चीत मागे रेललं की भल्याभल्या मुक्यांना वाचा फुटते. समोर छत असतं, गळ्याभोवती कापड असतं, हात कापडाखाली अडकलेले असतात. मग माणसाकडे जीभच उरते. सकाळी सकाळी यायचा तो मनगट्या. कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला हा गृहस्थ. लेकीनं त्याला पावलं मोजणारं घड्याळ दिलं, तेव्हापासून त्याचा डावा हात त्याचा राहिला नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्याही तो हात झुलवायचा, म्हणजे घड्याळाला वाटावं मालक चालतोय. घड्याळाला फसवून झालं की सरकारनं लोकांना कसं फसवलं ते सांगायचा. न्हावी म्हणायचा, खरंय. त्याच्यामागून यायचा तो एका देशाच्या मालावर बहिष्कार घाला असं सांगणारा. हे सांगायला त्याच्या हातात जो फोन असायचा तो त्याच देशात बनलेला. फोन उलटा करून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचायची न्हाव्याला काही गरज नव्हती. तो म्हणायचा, खरंय. कुणी म्हणायचं मत टाकायची यंत्रं बदमाश आहेत, खरंय. कुणी म्हणायचं यंत्रं साधी बिचारी, माणसंच बदमाश, हेही खरंय. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, काल बायकोला चपला घ्यायच्या म्हणालो तर आज चपलांच्या जाहिराती, असं एकानं सांगितलं. न्हाव्यानं खरंय म्हणत त्याच्या नाकाखालचा फेस बोटानं पुसला. नवा फोन घ्यावा की जुन्याची बॅटरी बदलावी, विजेवरची स्कूटर पावसात चालते की नाही, कोण निवडून येणार, कोण विकला गेला, सगळ्याला एकच उत्तर.

एकच, पण आवाज वेगवेगळे. कान देऊन ऐकणाऱ्याला फरक कळायचा. लांबवलेलं 'खरंऽय' म्हणजे आटप, मागे दोघं बसलेत. तुटक 'खरंय' म्हणजे आता वस्तरा कानामागे आहे, गप बस. आणि नुसतंच श्वास सोडल्यासारखं एक 'खरंय' होतं, ते फक्त शेजारच्या शिंप्यासाठी राखलेलं होतं. निदान शिंप्याला तसं वाटायचं.

शिंप्याचं आणि न्हाव्याचं दुकान एकाच मालकाचं, मधे एक विटेची भिंत. इकडे वस्तरा घासलेला तिकडे ऐकू यायचा आणि तिकडे मशीनचा दोरा तुटला की इकडून न्हावी हसायचा. दुपारी गिऱ्हाईक पेंगायला लागलं की शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून यायचा आणि कण्हणाऱ्या खुर्चीत बसायचा. एक दिवसाआड दाढी. दाढी नसेल त्या दिवशी नुसतंच बसायचा. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. त्याबद्दल कुणी चिडवलं की म्हणायचा, बटणं लावण्यात माझं आयुष्य गेलं, आता या वयात काचेवर बोट घासू? तोंडाचा फाटका माणूस. नवा फोन आला की जुना आपोआप मंद होतो, कंपनीच तसं करते. पण जुना पुढारी नव्या पक्षात गेला की आपोआप जलद होतो, हे कोण करतं ते शोधा, असलं बोलायचा. आणि तेव्हा सत्ता ज्या पक्षाची होती त्या पक्षावर त्याचा दातच होता. सत्ता दुसऱ्याची होती तेव्हा त्या दुसऱ्यावर होता. पण हे लोक विसरले.

न्हाव्याची बायको दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट आहे. पोटाचं ऑपरेशन होतं, न्हावी तिच्या उशाशी. शिंप्यानं आपलं मशीन झाकून ठेवलं आणि न्हाव्याच्या दुकानात येऊन बसला. दाढी करता येत नव्हती, पण दुकान उघडं ठेवता येत होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, संध्याकाळी येतोय तो, थांबा, दुसरीकडे जाऊन गळा कापून घेऊ नका. गिऱ्हाईक खरंच थांबलं. बायकोचा सख्खा भाऊ त्याच गावात होता, तो दवाखान्यात एकदा येऊन बहिणीच्या खाटेशेजारी उभं राहून फोटो काढून गेला. फोटो त्यानं सगळीकडे पाठवला. हा मेहुणा पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मेहुण्याकडे दोन फोन होते. एक बोलायला, एक बोलताना हातात धरायला. सत्तेतल्या पक्षाचं तो काम करायचा, म्हणजे काय करायचा ते कुणाला माहीत नव्हतं. पण गल्लीच्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि दुपारी राग टाकायचं काम त्याच्याकडेच होतं.

तर एक दिवस न्हाव्याचं केस कापायचं मशीन चोरीला गेलं. फळीवर चार्जिंगला लावलेलं, कुणीतरी वायरसकट उचललं. कुणी नेलं ते कळलं नाही, पण दुकानात कॅमेरा हवा होता हे सगळ्यांना एकदम कळलं. मग आठवडाभर तोच विषय. मनगट्या म्हणाला, फिरणारा घे, न फिरणाऱ्याला एकच कोपरा दिसतो. बहिष्कारवाला म्हणाला, काही कर पण त्या देशाचा घेऊ नकोस. बाजारात दुसऱ्या देशाचा मिळत नव्हता. न्हावी दोघांना खरंय म्हणाला. शिंपी तेवढा म्हणाला की चोराला जे न्यायचं होतं ते त्यानं नेलं, आता उरलंय काय, तुझ्या कातरी? कॅमेरा लावलास तर चोर येणार नाही, आलं तर गिऱ्हाईकच येणार आणि तेच त्यात दिसणार. यालाही न्हावी खरंय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन आला.

मेहुण्यानंच आणवला. आवाज पकडणारा होता. आवाजाचं काय करायचं असं न्हाव्यानं विचारलं, तर मेहुणा म्हणाला, दाजी, चित्राबरोबर आवाज आलाय तर घ्या की, नको म्हणून पदरात काय पडणार? न्हाव्याला ते पटलं. न्हाव्याच्या जातीचा कुणीही माणूस, म्हणजे ज्यानं जन्मभर कातरलेल्या केसांशिवाय काही फुकट पाहिलं नाही असा, ह्याला नाही म्हणाला नसता. कॅमेरा आरशाच्या वर बसला. तो फोनला जोडायचा होता, पण न्हाव्याच्या फोनमध्ये जागा नव्हती. लोकांनी पाठवलेल्या फुलांनी आणि सुविचारांनी तो गळ्यापर्यंत भरला होता. मेहुणा म्हणाला, आत्तापुरता माझ्या फोनला जोडतो, ताईच्याही जोडतो, तुमचं नंतर बघू. नंतर कुणी बघितलं नाही.

बायकोला सुरुवातीला मजा वाटली. भाजी चिरता चिरता फोन टेकवून ठेवायची आणि नवऱ्याचं दुकान बघायची. दोन दिवसांनी तिनं जेवताना विचारलं, अहो, त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला म्हणालात सरकार चांगलं आहे खरंय, आणि पुढच्याला म्हणालात सरकार बुडवायला निघालंय तेही खरंय. मग तुमचं मत कुणाला? न्हावी म्हणाला, अगं, ते दुकानातलं. ती म्हणाली, मग घरातलं कुठलं? न्हाव्यानं ताट पुढे ओढलं. त्याला खरोखरच आठवेना.

त्याच सुमारास मालक दाढीला आला. मालक एरवी घरी दाढी करायचा, दुकानात यायचा ते काहीतरी सांगायचं असलं की. त्याला शिंप्याची जागा रिकामी करून हवी होती. कुठल्याशा फोन कंपनीला तिथे काचेचं चकचकीत दुकान टाकायचं होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की दर्शनी दुकान शिंप्याचं आहे तेच पाहिजे. हे त्यानं सरळ सांगितलं नाही. मागे रेलून, डोळे मिटून, त्यानं देशापासून सुरुवात केली. देशात काही माणसं अशी आहेत की त्यांना कशातच चांगलं दिसत नाही. रस्ता झाला तरी खड्डा शोधतात. अशी माणसं देशालाही घाण आणि गल्लीलाही घाण. आता हा तुझ्या शेजारचा घे. कापड कमी कापतो, लोकांचे कान जास्त कापतो. अशा माणसाला बाहेर काढलंच पाहिजे.

न्हावी म्हणाला, "खरंय, मालक."

इथवर सगळं नेहमीचं होतं. बापाच्या शिकवणीतलं होतं. पण मालकाच्या हनुवटीखाली एक खळगा आहे, तिथले केस उलटे वाढतात, आणि वस्तरा नेमका तिथे आला होता. मालक गप्प झाला होता आणि न्हाव्याकडून आणखी काहीतरी यावं म्हणून वाट बघत होता. गळ्याची घाटी वरखाली होत होती.

"जरा जास्तच बोलतो तो," न्हावी म्हणाला.

हे एवढं वाक्य त्याचं स्वतःचं. ते त्याच्या तोंडात कुणी घातलं नव्हतं. आजही तो सांगतो की खळग्यामुळे बोललो, माणूस स्थिर राहावा म्हणून बोललो. असेलही. त्याचा भाडेकरारही त्याच मालकाशी होता, तेही असेल. आणि शिंपी जास्त बोलायचा, हे तर सगळ्या गल्लीला माहीत होतं.

गल्लीतली निवडणूक तोंडावर आली होती. शिंप्याच्या मशीनपाशी उभं राहून लोक हसत होते, आणि पक्षाला हसणं परवडत नाही. मेहुणा कुठेतरी रिकामा बसून कॅमेऱ्यातलं जुनं चाळत होता, त्याला हे सापडलं. त्यानं मालकाचा आवाज थोडा ठेवला, बाकीचा काढला, आणि शेवटी न्हाव्याचा ठेवला. 'खरंय. जरा जास्तच बोलतो तो.' वर लिहिलं की शिंप्याचा जिवलग दोस्तही आता हेच म्हणतोय. आणि गल्लीच्या ग्रुपवर सोडून दिलं, दुपारचा राग म्हणून.

शिंप्याच्या फोनवर ते यायचा प्रश्नच नव्हता. विजारीची शिलाई उसवली म्हणून एक बाई आली होती, तिनं काळजीनं की मजेनं कोण जाणे, इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवला आणि लावून दाखवलं. शिंप्यानं ऐकलं. म्हणाला, परत लावा. परत ऐकलं. मग विजार हातात घेऊन म्हणाला, उद्या घेऊन जा. भिंतीच्या अलीकडे न्हावी कुणाचे तरी कल्ले सारखे करत होता. पलीकडचं मशीन त्या दुपारी चाललं नाही एवढंच त्याच्या ध्यानात आलं. त्याला वाटलं, दोरा तुटला असेल.

संध्याकाळी मनगट्यानं त्याला ग्रुपवरचं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, हा मी नाहीच. मग पुन्हा ऐकून म्हणाला, आहे, पण हे असं नव्हतं. मेहुण्याला गाठलं. मेहुणा शांत होता.

"दाजी, आवाज तुमचाच आहे ना? मी त्यात काय घातलं? काढलं असेल तेवढंच."

बायकोनं भावाला फोनवर असं झाडलं की त्याचे दोन्ही फोन गरम झाले असतील. त्यानं ते ग्रुपवरून काढूनही टाकलं. पण तोवर ते ज्याच्या त्याच्या फोनवर जाऊन बसलं होतं. काढल्यानं ते फक्त न्हाव्याला दिसायचं बंद झालं.

शिंपी भांडायला आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं, निदान मार तरी खाता येतो. तो नुसता यायचा बंद झाला. दुपारी दुकानाचं अर्धं दार लोटून आत बसायचा. आणि त्यानं दाढी वाढू दिली.

हे बाकीच्यांना कळणार नाही. न्हाव्याला शेजारच्या माणसाची वाढणारी दाढी म्हणजे रोज सकाळी थोबाडीत. शिंपी पाण्याची बाटली भरायला बाहेर पडला की दोन आरशांतून तो दोनदा दिसायचा, आणि दोन्हीकडे दाढी आदल्या दिवसापेक्षा जास्त. आधी खुरटी, मग पांढरीकाळी, मग गालावर पसरलेली. गालाच्या कुठल्या बाजूला केस विरळ आहेत, कुठे भोवरा आहे, हे न्हाव्याला शिंप्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत होतं. तो भोवराही आता दिसेनासा झाला. शेवटी न राहवून तो शिंप्याच्या दुकानात गेला. हातातलं कापड तसंच होतं, केस पडत होते.

शिंपी काज करत होता. मान वर न करता म्हणाला, तिथेच झटक, कापडावर केस नकोत.

न्हाव्यानं सगळं सांगितलं. मेहुण्यानं कसं कापलं, मालक आधी काय बोलला, खळगा कसा आहे, तू तर ओळखतोस मला. मग जे त्याला सगळ्यांत पक्कं वाटत होतं ते बोलला.

"मास्तर, मी सगळ्यांनाच खरंय म्हणतो. त्याला काही अर्थ नसतो रे. तुला माहीत नाही का?"

शिंप्यानं सुई थांबवली.

"म्हणजे मलाही म्हणत होतास, ते तेच?"

 इतक्या वर्षांत असा प्रश्न खुर्चीत बसून कुणी विचारला नव्हता. हो म्हणावं तर इतक्या दुपारी वाया गेल्या. नाही म्हणावं तर मालकाला म्हणाला तेही मनापासूनचंच ठरत होतं. तो कापडावरचे केस झटकत राहिला.

"जा तू," शिंपी म्हणाला. "तुझं गिऱ्हाईक फेस लावून बसलंय. वाळेल."

ते खरंच बसलं होतं.

तुम्हाला वाटेल, या भानगडीनंतर न्हाव्याच्या दुकानाकडे कुणी फिरकलं नसेल. उलट झालं. गर्दी वाढली. खरंयच्या दुकानात बोललेलं गावभर ऐकू जातं, ही बातमी लोकांना भीतीची न वाटता जाहिरातीची वाटली. जो तो खुर्चीत बसला की आधी कॅमेरा कुठे आहे ते बघायचा आणि तिकडे तोंड करून बोलायचा. मनगट्यानं तर एक दिवस कागदावर मुद्दे काढून आणले. बहिष्कारवाला फेस लावायच्या आधीच बोलून घ्यायचा, फेसात चेहरा ओळखू येत नाही म्हणून. एकानं न्हाव्याला सांगितलं, मी थांबलो की तू खरंय म्हण, पण जरा मोठ्यानं म्हण, मागच्या वेळी नीट आलं नाही. न्हाव्यानं कॅमेऱ्याची वायर उपटली. तेव्हा दोघं दाढी न करता निघून गेले. आता ह्याला काय म्हणावं? त्यांची मतं ठाम होती की दाढी, ते त्यांनाच माहीत.

शिंप्याचं काम मात्र कमी झालं. कुणी त्याला वाईट बोललं नाही. फक्त पक्षातल्या दोन-चार जणांचं जे शिवणकाम यायचं ते बंद झालं, आणि ज्यांचा पक्षाशी काही संबंध नव्हता ते म्हणाले, उगाच कशाला. माणूस माणसाला संपवतो तो या 'उगाच कशाला'नं. त्याला हत्यार लागत नाही. निवडणूक झाली. जे व्हायचं तेच निवडून आले. शिंप्याच्या मशीनपाशी उभं राहून हसणारी माणसं त्या दिवशी न्हाव्याकडे येऊन फुकटचे पेढे मिळाल्यासारखी हसत होती. न्हावी कुणालाच खरंय म्हणाला नाही, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग मालक शिंप्याकडे गेला. करार संपतोय, वाढवणार नाही, म्हणाला. शिंप्यानं कारण विचारलं असावं. भिंतीच्या अलीकडे न्हाव्याला मालकाचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं. अरे, मी एकटा म्हणत असतो तर गोष्ट वेगळी होती. तुझा दोस्तच सांगतो ना, तू जास्त बोलतोस. गल्लीला त्रास होतो.

न्हाव्याच्या हातात तेव्हा वस्तरा होता आणि खुर्चीत एक अनोळखी माणूस. उठून पलीकडे जायचं, मालकाच्या समोर उभं राहून खोटं आहे म्हणायचं, याला चार पावलं लागली असती. तो गेला नाही. अर्धा गाल बाकी होता, असं त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अर्ध्या गालानं तो मेला असता का? न्हावी ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं 'खरंयवहिनी' म्हणून हाक मारली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मालकानं न्हाव्याचा करार आपण होऊन वाढवून दिला. तू आपला माणूस आहेस, म्हणाला.

शिंप्यानं दुकान आवरलं ते सकाळी. मशीन टेम्पोत चढवलं, टेबल एका ओळखीच्याला देऊन टाकलं, गुंड्यांचे डबे पोत्यात भरले. सगळं झाल्यावर तो न्हाव्याच्या दुकानात आला. दोघंतिघं बसले होते. न्हाव्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते काय समजले कोण जाणे, उठून बाहेर उभे राहिले. शिंपी कण्हणाऱ्या खुर्चीत बसला.

"दाढी काढ. पोरीकडे राहायला चाललोय, नातवंडं भितील."

इतकी दाढी एकदम वस्तऱ्यानं निघत नाही. न्हाव्यानं आधी कातरीनं ती कमी केली. पांढऱ्याकाळ्या बटा कापडावरून घसरून जमिनीवर पडत होत्या. मग कोमट पाणी, मग फेस. ब्रश फिरवताना गालावरचा तो भोवरा बोटाखाली लागला आणि त्याचा हात जरासा तिथेच रेंगाळला. शिंप्यानं डोळे मिटले होते. दोन आरशांत दोघं पुन्हा पुन्हा दिसत होते, लांबपर्यंत, लहान लहान होत गेलेले.

वस्तरा गळ्यावर आला तेव्हा शिंपी बोलला.

"मालक त्या दिवशी बोलला ते खोटं होतं."

"खोटं होतं," न्हावी म्हणाला. घाईनं म्हणाला. किती दिवस ते तोंडात धरून फिरत होता.

"मी कुणाला घाण नाही."

"नाही. कधीच नव्हतास."

"आणि जास्त बोलत नाही."

"नाही बोलत, मास्तर. मुळीच नाही."

शिंपी हसला. वस्तऱ्याखाली जितकं हसता येतं तितकंच, ओठाच्या एका कडेनं.

"बघ. आता खुर्चीत मी आहे."

न्हाव्याचा हात थांबला. पातं गळ्याला टेकलेलं तसंच राहिलं. त्याचे डोळे भरले म्हणावं तर तसंही नव्हतं, नाक मात्र ओढलं त्यानं. तुला कसं पटवू, असं काहीतरी तो पुटपुटला.

"पटवू नकोस," शिंपी म्हणाला. "दाढी पुरी कर. अर्धी झालीय."

न्हाव्यानं दाढी पुरी केली. इतकी नीट त्यानं कुणाची केली नसेल. खालून वर, वरून खाली, कानाच्या पाळीमागे, हनुवटीच्या वळणावर. तुरटी लावली. शिंप्यानं टॉवेल त्याच्या हातून काढून घेतला आणि तोंड आपलं आपण पुसलं. आरशात बघितलं, मागच्या आरशात मान बघितली, चांगली आहे म्हणाला. मग दाराशी टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. शिंपी गेला. जाताना तो बाहेर उभ्या असलेल्यांशी दोन शब्द बोलला, ते हसले. काय बोलला ते न्हाव्याला आत ऐकू आलं नाही.

टेम्पो वळणावर जाईपर्यंत तो दारात उभा होता. मागे मालक येऊन खुर्चीत बसलाही होता. पलीकडच्या दुकानाची मापं घ्यायला कंपनीची माणसं यायची होती, तोवर दाढी उरकून घ्यावी म्हणाला. बसल्या बसल्या त्यानं पाय उचलून खाली पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे आधी झाडून घे."

न्हाव्यानं कोपऱ्यातला झाडू घेतला, आणि झाडून घेतलं.